डावखुऱ्याची पाळी

२७ जुलै, रविवार, सकाळी पावणेअकरा. तीनशे बारा अमेरिकन डॉलर, चार तिकिटांचे, सेवाशुल्क धरून. हजर होतो तिघे: मी, बायको आणि माझे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. चौथं तिकीट मुलीचं. ती अमेरिकेत शिकते, आणि तिकिटं तिच्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानाची होती. सामना १६ ऑगस्टचा, शनिवारचा. पैसे मी भरले आणि तारीखही मीच काढली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जी गडबड झाली तिच्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता.

सिंगापुरात राहून बेसबॉल कसा, असं लोक विचारतात. मुलगी दोन वर्षांपूर्वी तिकडे गेली. पहिले काही महिने आमचे फोन चार मिनिटांत संपत. जेवलीस का, थंडी किती आहे, अभ्यास कसा चाललाय, मग दोन्हीकडे शांतता. एकदा तीच म्हणाली, ‘‘बाबा, इकडची टीम बघायला लाग. मग आपल्याला बोलायला काहीतरी असेल.’’ तिकडे सामना संध्याकाळी सातला सुरू होतो तेव्हा आमच्या हौगांगच्या घरात सकाळचे सात वाजलेले असतात. चहा आणि पोह्यांबरोबर बघायला इतका सोयीचा खेळ मला दुसरा माहीत नाही.

अडचण एकच. सव्वाआठ-साडेआठला मला ऑफिससाठी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, गाठायची असते. सामना नऊ डावांचा. चौथा डाव संपता संपता मी बूट घालत असतो. म्हणजे दोन वर्षांत मी असंख्य सामन्यांच्या सुरुवाती पाहिल्या आणि शेवट फक्त सुट्टीच्या दिवसांचे पाहिले. त्यामुळे या संघातलं मला खरं काही कळत असेल तर ते सुरुवातीच्या पिचरांबद्दल.

पिचर म्हणजे आपला बोलर. पण इथे सहा चेंडू टाकून दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. एकच जण सामना सुरू करतो आणि थकेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत टाकत राहतो. उरलेल्या डावांसाठी मग दुसरे येतात. सुरुवात करणाऱ्याला नंतर चार दिवस विश्रांती लागते, आणि सामने तर जवळजवळ रोज. म्हणून प्रत्येक संघाकडे सुरुवातीचे पाच जण असतात आणि त्यांच्या पाळ्या लागलेल्या असतात. नळाच्या पाण्यासारखं, दर पाचव्या दिवशी आपला नंबर.

आमचा संघ जुलैअखेर जितके सामने जिंकला होता जवळपास तितकेच हरला होता. अशा संघाचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही, मला तर नाहीच. पहिला पिचर तेवीस वर्षांचा, सहा फूट पाच इंच, चेंडू असा टाकतो की टीव्हीवर नुसता पट्टा दिसतो. पण दर दोन महिन्यांनी त्याचं कोपर दुखतं, आणि तो बरा दिसला की मला जास्त काळजी वाटते. दुसरा अत्यंत नेटका. तो टाकत असला की आमच्या फलंदाजांचे हात गळतात. दोन धावा देतो आणि दोन-एकने हरतो. त्याचं तोंड बघून मला आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांची आठवण येते, पण ते असो. तिसरा घरच्या मैदानावर वाघ आणि बाहेर गेला की ओळखू येत नाही. पाचव्या जागेवर कुणी टिकतच नाही; धाकट्या संघातून एक येतो, दोनदा मार खातो, परत जातो. त्यांची नावं मी आता पेन्सिलीने लिहितो.

चौथा म्हणजे डावखुरा. वय अडतीस. पोट थोडं सुटलेलं, दाढी पिकलेली, आणि चेंडूला वेग असा नाहीच. बाकीचे भिंतीला भोक पाडतील अशा जोराने टाकतात, आणि हा पत्र पेटीत टाकावं तसा टाकतो. समोरचा फलंदाज आधीच बॅट फिरवून बसतो आणि चेंडू मागाहून येतो. चाललं तर फार गंमत. नाही चाललं तर चेंडू प्रेक्षकांत. यंदा बहुतेक वेळा नाहीच चाललं.

माझ्याकडे ऑफिसातून मिळालेली एक जाड डायरी आहे, एका तारखेला एक पान. रोज सामना पाहिला की त्या पानावर मी नोंद करतो: कोण पिचर, कितव्या डावात किती धावा, किती चेंडू. फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. जे तपासलं नाही ते लिहायचं नाही, ही तीस वर्षांची हिशेबनीसाची सवय. पानाखाली एका शब्दात मत. डावखुऱ्याच्या मागच्या सहापैकी पाच पानांवर मी ‘बदलावा’ असं लिहिलं होतं.

अण्णांचं मत वेगळं होतं. त्यांचं वय एकोणऐंशी. आई गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, ते सांगलीहून आमच्याकडे आले. तरुणपणी ऑफिसच्या संघातून मंदगती डावखुरी फिरकी टाकायचे. माझ्याबरोबर ते रोज सकाळी खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसतात. मी निघून गेलो की उरलेले पाच डाव तेच बघतात आणि दुपारी मला फोनवर एका ओळीत निकाल कळवतात. डावाला ते अजूनही ओव्हर म्हणतात.

‘‘तू पहिल्या चार ओव्हर बघतोस,’’ ते मला सांगत. ‘‘तोपर्यंत तो समोरच्याला जोखत असतो. पाचवी-सहावी बघ त्याची. एकाचीही बॅट लागत नाही.’’

‘‘पण अण्णा, तोवर चार धावा गेलेल्या असतात.’’

‘‘जातात. माझ्याही जायच्या.’’

त्या माणसात त्यांचा जीव अडकला होता. टीव्हीवर पिचर पाठमोरा दिसतो, कॅमेरा त्याच्या मागे असतो. तो सावकाश चेंडू कसा धरतो, कुठलं बोट शेवटी सोडतो, हे अण्णांना कधीच दिसत नसे. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला आजार आहे, डावा बरा आहे. लांबच्या प्रवासाचं विचारायला गेलो तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, या वर्षी जाऊन या, पुढच्या वर्षीचं मी आत्ता सांगत नाही. बाहेर लिफ्टपाशी अण्णा म्हणाले, ‘‘नातीला बघीन. आणि त्या डावखुऱ्याचं मनगट एकदा समोरून बघीन. बाकी मला अमेरिकेत काही बघायचं नाही.’’

म्हणून ही तिकिटं. आम्ही तिथे पोहोचणार १४ ऑगस्टला, आणि संघ घरच्या मैदानावर त्या शनिवार-रविवारपर्यंतच. म्हणजे त्या तीन-चार दिवसांत डावखुऱ्याची पाळी कधी येते ते काढायचं होतं. २७ जुलैच्या सकाळी त्याने टाकलं, आम्ही तिघांनी पाहिलं, चार डावांत पाच धावा. मी डायरी उघडली. २७ नंतर पाच दिवसांनी १ ऑगस्ट, मग ६, ११, १६. मध्ये संघाला दोन दिवस सुट्टी होती, पण तेव्हा पाचव्या जागेवरच्याला गाळतात आणि बाकीच्यांच्या पाळ्या तशाच राहतात. मागच्या दोन महिन्यांची पानं उलटून मी ते तपासून घेतलं. १६ ऑगस्ट, शनिवार. संघाच्या वेळापत्रकात शनिवारी घरचा सामना होताच. बायकोने विचारलं, ‘‘नक्की ना?’’ मी म्हणालो, ‘‘तो संघात टिकला तर नक्की.’’ मला तेवढीच एक शंका होती.

१ ऑगस्टला, शुक्रवारी, सकाळी सहाला मुलीचा फोन आला. मागे प्रचंड गोंगाट. ती मैदानाच्या रांगेत उभी होती.

‘‘बाबा, आज त्याची टर्न आहे. मी आणि माझ्या रूममेट्स आलोय.’’

‘‘माहितेय. आज शुक्रवार, एक तारीख. माझ्या यादीत आहे.’’

सिंगापूरचं ‘लाह’ तिच्या तोंडातून अजून गेलेलं नाही. ‘‘आज गुरुवार आहे लाह. एकतीस जुलै.’’

‘‘तिकडे.’’

‘‘हो, तिकडेच तर खेळतात ना ते!’’ मग तिने मोजलं, मोठ्याने, इंग्रजीत. ‘‘थर्सडे, ट्यूसडे, संडे, फ्रायडे. बाबा, फ्रायडे. पंधरा तारीख. तुम्ही तिकिटं सॅटर्डेची काढली? आयो! व्हाय यू ऑल्वेज काउंट फ्रॉम युवर साइड?’’

मी पोळपाटाजवळ उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. मग डायरी काढली. दोन वर्षांची सवय, रोज सकाळी पाहिलेला सामना त्या सकाळच्या पानावर. आमच्या सकाळी तिकडे आदली संध्याकाळ असते हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मुलीला फोन करताना मी रोज बारा तास वजा करतो. पण डायरीतल्या तारखा मी पाहिल्या होत्या, तपासल्या होत्या, म्हणून त्या खऱ्या होत्या. आणि संघाचं वेळापत्रक छापील, म्हणून तेही खरं. दोन खऱ्या याद्या मी एकमेकींना जोडल्या. प्रत्येक नोंद बरोबर होती, फक्त सगळ्या एक दिवस पुढे होत्या.

‘‘म्हणजे शनिवारी कोण टाकणार?’’ अण्णांनी खुर्चीतून विचारलं.

‘‘पाचवा,’’ मी म्हणालो. ‘‘पेन्सिलवाला.’’

अण्णा हसले नाहीत. टीव्ही लावा म्हणाले.

त्या सकाळी डावखुऱ्याने तीन डावांत सहा धावा दिल्या आणि त्याला बाहेर काढलं. त्याचा पाचवा-सहावा डाव आलाच नाही. मी बूट घालत असताना समालोचक सांगत होता, की संघाने आजच दुसऱ्या एका संघाकडून सुरुवातीचा एक नवा पिचर घेतला आहे. हंगामाच्या मध्याला अशी देवाणघेवाण करायची तिथे एक शेवटची तारीख असते, ती नेमकी तीच. नवा येणार म्हणजे पाचांतला एक जाणार. कोण, ते मंगळवारी ठरवू असं प्रशिक्षकाने सांगितलं.

मी डायरीत नोंद केली. शेवटचा शब्द लिहायची वेळ आली तेव्हा पेन थांबलं. आकडे पाहिले तर लिहायचा शब्द एकच होता, आणि महिनाभर मी तो लिहीतच होतो. आता तो शब्द खरा होणार होता आणि मला तो नको होता. संघ माझा, तो जिंकायला हवा. हा माणूस हटला तर संघ बरा खेळेल. हा हटला तर अण्णांचं काय? मग माझं मत नक्की कशाबद्दल आहे, पिचरबद्दल की तिकिटांबद्दल? हा प्रश्न मी एमआरटीत उभा राहून सिटी हॉलपर्यंत सोडवत होतो. माझं स्टेशन मागे राहिलं. पान तसंच अर्धं राहिलं.

३ ऑगस्टच्या रविवारी सामना नव्हता. म्हणजे त्यांच्या शनिवारी, पावसामुळे. आम्ही तिघे खाली कोपीटियमला, म्हणजे इथल्या कॉफीच्या दुकानात, गेलो. इथला राष्ट्रीय दिन जवळ आल्याने आमच्या ब्लॉकच्या प्रत्येक मजल्यावर कठड्यांना झेंडे लावले होते. अण्णांना बिनसाखरेची काळी कॉफी आवडते. कॉफीवाल्या आँटी त्यांना लांबून पाहूनच ओरडतात, ‘‘अंकल, कोपी-ओ कोसोंग?’’ आणि अण्णा हात वर करतात. दोघांत यापलीकडे चार वर्षांत संभाषण झालेलं नाही, पण दोघांचं उत्तम चाललंय.

मी फोनवर तिकीट कार्यालयाचे नियम वाचून ठेवले होते. तिकिटं एकदाच बदलता येतात, सामन्याच्या आठवडाभर आधीपर्यंत. बदलाचे वीस डॉलर आणि जागेच्या दरातला फरक. मी कागदावर शक्यता मांडल्या. डावखुरा राहिला तर शुक्रवार घ्यावा. पण नव्या माणसाला मध्ये घुसवलं तर पाळ्या सरकतील, शुक्रवारचा शनिवार होईल, आणि आमची चुकून काढलेली तिकिटं बरोबर ठरतील. या पावसाने काय सरकलं तेही मला सांगता येईना. आणि त्याला काढलाच, तर शुक्रवार काय, शनिवार काय. त्यांचा निर्णय मंगळवारी. मंगळवारपर्यंत थांबावं, तर शुक्रवारच्या चांगल्या जागा उरत नाहीत.

‘‘तू लिहिलंस ना ‘बदलावा’,’’ अण्णा कपावर फुंकर घालत म्हणाले. ‘‘ऐकलं त्यांनी. आता कशाला घाबरतोस?’’

‘‘तुम्ही डायरी वाचता?’’

‘‘तू गेल्यावर टीव्हीवर जाहिराती फार लागतात.’’

बायकोला बेसबॉलमध्ये रस नाही. सामन्याच्या वेळी ती डबे भरत असते. तिने माझा कागद ओढून घेतला, वरून खाली वाचला आणि परत दिला.

‘‘अहो, मला एक सांगा. काढला म्हणजे घरी पाठवतात का त्याला?’’

‘‘लगेच नाही. बहुतेक राखीव पिचरांत घालतात. सुरुवातीचा थकला की जे मागून येतात, त्यांच्यात.’’

‘‘ते बसतात कुठे?’’

‘‘कुंपणापलीकडे एक कप्पा असतो, बुलपेन म्हणतात. सगळे राखीव तिथे बाकावर बसून असतात. तिथेच टाकून हात गरम करतात.’’

‘‘आणि सुरुवातीचा? तो हात कुठे गरम करतो?’’

‘‘तोही तिथेच. सामन्याआधी वीस-पंचवीस मिनिटं.’’

‘‘त्या कप्प्याशेजारी खुर्च्या आहेत?’’

आहेत. मुलीने तिथून काढलेला एक फोटोही मला पाठवला होता, जाळीपलीकडे पाच हातांवर पिचर चेंडू टाकतोय, त्याची शिवण दिसतेय. मला तो फोटो आठवला आणि माझ्या कागदाकडे बघवेना.

अण्णांनी कप खाली ठेवला. ‘‘अरे, मॅचमध्ये कोण बघतं मनगट?’’ ते म्हणाले. ‘‘नेट्समध्ये बघायचं. आम्ही तालुक्याला कुणी मोठा फिरकीवाला आला की सकाळी सहाला नेट्सवर जायचो. मॅचला जायचोच नाही, तिकीट लागायचं.’’ मग सुनेकडे वळून, ‘‘तू आधी का नाही बोललीस?’’

‘‘मला कुणी विचारलंय का कधी, अण्णा? दोन वर्षं पोहे मागताय.’’

मग मी ते पुन्हा मांडून पाहिलं, कारण त्याशिवाय मला पटत नाही. शुक्रवारी त्याची पाळी असली, तर सुरुवातीला तो तिथे येणार. पाळी नसून त्याला राखीवांत घातला असला, तर पूर्ण सामनाभर तो तिथेच बसलेला असणार, आणि टाकायला उठलाच तर आमच्यासमोरच उठणार. पाळी शनिवारवर सरकली असली, तर मात्र शुक्रवारी तो संघाच्या मुख्य बाकावर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. त्यासाठी मुलीला फोन लावला; ती म्हणाली, दारं उघडताच जाऊ. ज्याची पाळी उद्या असते तोही बऱ्याचदा येऊन थोडे चेंडू टाकून जातो. ‘बऱ्याचदा’ हा शब्द मला आवडत नाही. एक शक्यता तरीही उरतेच, की मंगळवारी ते त्याला संघातूनच मोकळं करतील. ती मी अण्णांना बोलून दाखवली.

‘‘मग त्याच्या जागी जो बसलेला असेल त्याचं मनगट बघू,’’ ते म्हणाले. पण हे त्यांनी कपाकडे बघत म्हटलं, आणि मला कळलं की ते त्यांना चालणार नव्हतं.

तिथेच टेबलावर मी तिकिटं बदलली. शुक्रवार, १५ ऑगस्ट, त्यांच्याकडचा शुक्रवार. बुलपेनच्या कठड्यालगत, पहिली रांग, चार जागा. बटण दाबण्याआधी तारीख मुलीला फोनवर वाचून दाखवली. तिच्याकडे शनिवारची रात्र होती. ती म्हणाली, ‘‘करेक्ट, बाबा. फायनली.’’ मग म्हणाली, आजोबांना दे. अण्णा फोन घेऊन तिला चेंडू हातात कसा फिरवायचा ते सांगायला लागले, रिकाम्या कपाने. शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे ते बघत होते.

मी डायरी बरोबर आणली होती. १ ऑगस्टचं अर्धं पान उघडलं. वर तारखेपुढे कंसात ‘तिकडे ३१ जुलै’ असं लिहिलं. खालचा शब्द अजून लिहायचा होता. त्याला ठेवावा की बदलावा, हे मला तेव्हाही सांगता येत नव्हतं आणि आज, सोमवारी, हे लिहितानाही येत नाही. आकडे एका बाजूला आहेत. पाचवा आणि सहावा डाव मी पाहिलेलेच नाहीत. पान तसंच ठेवलं आहे.

दिलेले पैसे असे: फरकाचे छत्तीस आणि बदलाचे वीस, एकूण छप्पन्न अमेरिकन डॉलर, संघाच्या तिकीट कार्यालयाला, माझ्या कार्डावरून. तीन कॉफ्यांचे चार डॉलर पन्नास सेंट, आपले इथले, कॉफीवाल्या आँटींना. ते अण्णांनी दिले, नाणी मोजून, डाव्या हाताने.